किल्लेदाराचा तुंबा

१

पहिल्यांदा मला वाटलं, राहुटीबाहेर अस्वल आलं आहे. आवाज तसाच घोगरा होता. मी घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली आणि श्वास धरून पडून राहिले. आवाज पुन्हा आला आणि त्यामागोमाग सासूबाईंची हाक आली. अस्वल परवडलं असतं, असं नंतर मला कितीदा तरी वाटलं.

शेजारच्या राहुटीत माझे सासरे केशोराव कुशीवर पडले होते. नुकतंच फटफटलं होतं. त्या उजेडात त्यांचा चेहरा राखेसारखा दिसत होता आणि तोंडाखाली अंथरलेल्या तणसावर, धानाच्या पेंढ्यावर, रक्त होतं.

"मामाजी," मी हाक मारली. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"रातभर उलट्या न संडास चालू हायेत," अनुसयाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या. "मले वाटलं पोट बिघडलं असन. आता तं रगत पडून रायलं, रेणू."

माझा नवरा प्रफुल माझ्यामागून धावत आला आणि दारातच थिजला. फोन करायची सोय नव्हती. सगळे फोन खाली गावात, आमच्यातल्याच मनिरामभाऊंच्या घरी एका टोपलीत झाकून ठेवले होते आणि ते आम्हीच हौसेनं ठेवले होते.

आमचं मंडळच तसं. कुडवा-गोंदियाची ही माणसं वर्षभर धान विकतात, भांडी विकतात, नोकऱ्या करतात आणि दर हिवाळ्यात एक रात्र आमच्याकडच्या प्रतापगडाच्या पलीकडच्या टेकडीवर, जिला आम्ही गडच म्हणतो, नागपूरकर भोसल्यांच्या काळातले पहारेकरी होऊन राहतात. त्या काळी जे नव्हतं ते वर न्यायचं नाही. काडेपेटी नाही, चकमक. बाटली नाही, तुंबा. चादर नाही, घोंगडी. भाजीत टमाटर टाकलेलासुद्धा चालत नाही. हे सगळं सामान गोळा करायचं आणि वर चढण्याआधी एकेकाचं गाठोडं सोडून तपासायचं, हे काम माझं. मामाजी आमचे किल्लेदार. या वर्षी थंडी फार म्हणून आम्ही सातच जण आलो होतो.

"सरका," असं म्हणत सुमित्राबाई आत आल्या. त्या मंडळात पहिल्यांदाच आल्या होत्या. तुरुंगात बायकांच्या बराकीवर पहारा करत त्यांची सगळी नोकरी गेली, आता निवृत्त. त्यांनी मामाजींची नाडी धरली, तणसावरचं रक्त पाहिलं आणि कशाची घाई नसल्यासारख्या बोलल्या.

"जेवण सर्वायनं एकच केलं. पाणी एकाच मडक्यातलं. मंग यायनं काल असं काय घेतलं, जे आपण नाही घेतलं?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"काढा," त्या म्हणाल्या. "रेणूनं उकळला."

२

काढा भुईनिमाचा. मामाजींना शुगर आहे, त्यामुळे संध्याकाळी आणि जेवणानंतर ते तो घेतात, गडावरही. इतका कडू की वासानंच माझं तोंड वाकडं होतं. मी तो पितळी लोट्यात उकळते, गाळते आणि त्यांच्या तुंब्यात ओतते. तुंबा म्हणजे वाळवलेल्या कडू भोपळ्याचं भांडं, जुन्या लोकांची पाण्याची बाटलीच म्हणा. काल दिवेलागणीला मी तेवढंच केलं होतं.

"मी खाली जातो," प्रफुल म्हणाला. "खाट, माणसं, गाडी, सगळं घेऊन येतो." माझ्याकडे न पाहता तो चुलीच्या बाजूनं उतरणीला लागला.

खाली गाव, तिथून गाडी, मग अर्जुनीच्या दवाखान्याची वाट. ऊन चढल्याशिवाय तो परत येणं शक्य नव्हतं. मामाजींना आम्ही मीठ-गुळाचं पाणी चमच्यानं पाजत होतो आणि ते ओठाच्या कडेनं बाहेर येत होतं. ते गेले तर काय, हा विचार मी करत नव्हते असं नाही. पण त्याच्या पाठीला चिकटून दुसरा विचार येत होता, की ते गेले तर माझं काय. सुनेनं काढ्यातून सासऱ्याला विष दिलं, ही बातमी पेपरात कशी छापून येईल तेसुद्धा मला दिसलं.

"तो लोटा कुठी हाये?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"चुलीजवळ. घासायचा राहिला. तळाला पाला असेल अजून."

आम्ही चुलीशी गेलो. लोटा दगडावर पालथा ठेवला होता. राखेनं घासून लख्ख केलेला आणि कडेवरून अजून पाणी ठिबकत होतं.

"कोणं घासला?"

"आणखी कोण घासणार?" मागून मंडळातल्या भुपेंद्रभाऊंचा आवाज आला. "सीधी बात आहे. ज्यानं उकळला त्यानं."

"मी नाही घासला," मी म्हटलं. माझं मलाच ते खोटं वाटलं.

३

सुमित्राबाई एका दगडावर बसल्या आणि मला त्यांनी शेजारी बसवून घेतलं. "माह्याजवळच राय," त्या म्हणाल्या. "पळशीन तं दिसशीन." त्या थट्टा करत होत्या की काय, ते मला कळलं नाही.

पहिले भुपेंद्रभाऊ. गोंदियाला त्यांचं भांड्यांचं दुकान आहे आणि मामाजींनंतर मंडळात त्यांचाच शब्द चालतो. जुन्या वस्तूंचं त्यांना वेड आहे, वेडच म्हणायचं. गेल्या वर्षी मी शिवून आणलेल्या राहुटीला त्यांना मशीनची शिलाई दिसली आणि त्यांनी मला अख्खी राहुटी उसवून हातानं शिवायला लावली. अंबाडीच्या सालाची दोरी वळायला आम्हा सगळ्यांना त्यांनीच शिकवलं. सगळ्यांची गाठोडी मी तपासते, पण त्यांच्या गंज-परातींच्या टोपल्याला मी हात लावत नाही. तेच माझी परीक्षा घेतात, तर मी त्यांची काय घेणार.

"आज गडावर कोण येऊन रायलं होतं?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"टेंटवाले पाहुणे. पुढच्या सालापासून इथं टेंट, खुर्च्या, जनरेटर लावायचं केशोरावांनी ठरवलं. लोक जास्त येतील म्हणून. आज ते पाहुण्यांना शब्द देणार होते."

"तुमाले पटलं?"

"किल्लेदार ते आहेत. मी कोण?" ते खांदे उडवून म्हणाले. मला आश्चर्य वाटलं, पण बोलायची माझी छाती झाली नाही.

मग मनिरामभाऊ. टेकडीखाली त्यांचं धानाचं वावर आहे आणि मंडळाचे सगळे तुंबे त्यांच्याच कुंपणावरच्या वेलाचे.

"माह्या वावरातून गाड्या नेणार होते," ते खाली पाहून म्हणाले. "बांध फुटले असते. मी कालच नाही म्हटलं. पण म्हणून का माणसाले मारीन मी?"

सासूबाई मामाजींच्या उशाशीच बसून बोलल्या. त्यांना टेंट चालणार होता, खुर्ची तर हवीच होती, कारण गुडघे दुखतात. एवढं बोलून त्या रडायला लागल्या.

"काल शेकोटीत प्लास्टिक कोणं टाकलं?" सुमित्राबाईंनी मध्येच विचारलं.

मी ते विसरूनच गेले होते. काल अंधार पडता पडता शेकोटी पेटली आणि सगळीकडे प्लास्टिक जळाल्याची घाण सुटली होती. गडावर प्लास्टिक म्हणजे केवढा गुन्हा. मामाजी चिडले, सगळ्यांना कनवटी झटकायला लावल्या. सगळ्यात जास्त आरडाओरडा भुपेंद्रभाऊंनी केला होता. काही सापडलं नाही.

सुमित्राबाईंनी सगळ्यांचे चेहरे एकेक करून पाहिले.

"बरं," सुमित्राबाई म्हणाल्या. "रेणू, तो तुंबा आण."

मामाजींचा तुंबा राहुटीच्या खांबाला टांगलेला होता. तांबूस काळा, पोटावर तापल्या सळईनं डागलेली मासोळी. सुमित्राबाईंनी उरलेला काढा वाटीत ओतला आणि तुंबा उन्हाकडे धरून एका डोळ्यानं आत पाहिलं. मग त्यांनी तो कानाशी हलवला. आत काहीतरी खुळखुळलं.

"याच्यात बिया हायेत," त्या म्हणाल्या. "अन आतून पांढराफटक हाये. हा तुंबा पाणी प्यायचा नोहे."

४

ज्या भोपळ्याचा तुंबा होतो तो कडूच असतो. गोड भोपळा लोक खाऊन टाकतात. कडू भोपळा विषारी, हे इथं लेकराबाळांनाही माहीत आहे. त्याचा गर काढायचा, आत पेज आणि राख भरायची, आंबू द्यायची, ओतायची, पुन्हा भरायची. पाणी गोड लागेपर्यंत हे चालतं. तोवर आतला पांढरेपणा जाऊन काळं, गुळगुळीत अस्तर धरतं. माझा तुंबा मी तिथंच सोडून पाहिला. आतून विहिरीसारखा काळा होता.

"म्हणजे कच्चा तुंबा होता," मी म्हटलं. "त्यात काढा ओतला, त्यात कडूपणा उतरला. आणि काढा मुळातच कडू, त्यामुळे मामाजींना कळलंच नाही."

"कच्चा तुंबा दिला कोणी?" भुपेंद्रभाऊंनी मनिरामकडे बोट केलं.

मनिरामचं तोंड उतरलं. "माह्या घरचा कच्चा तुंबा बाहेर जात नाही. देल्ल्याआधी मी सोता पितो त्यातलं. रेणूताईसमोर प्यालो. इचारा."

ते खरं होतं. त्यांच्या घरची रीतच आहे. तुंबा देणाऱ्यानं घेणाऱ्यासमोर त्यातला पहिला घोट घ्यायचा, मगच तुंबा द्यायचा. गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी सगळे तुंबे घ्यायला गेले तेव्हा त्यांनी एकेकातून पाणी पिऊन दाखवलं होतं. मामाजींच्यातूनही.

"मंग तो तुंबा हा नोहे," सुमित्राबाई म्हणाल्या. "कोणं तरी बदलला."

त्यांनी हात ओला केला आणि तुंब्याच्या पोटावरून फिरवला. तळवा तपकिरी झाला. त्यांनी तो हुंगला.

"कात न तेल. वरून रंगवला. मनिरामच्या चुलीवर धुरानं काळे झालेले तुंबे लटकून रायले, मी काल पायले. त्याले कच्चाच द्यायचा असता तं धुरातला एक उचलला असता. रंगवायची पाळी गॅसवाल्या घरावर येते."

मनिरामनं डोळे मिटले. मला त्यांच्यासाठी हायसं वाटलं, पण क्षणभरच. गॅसवाली घरं म्हणजे आम्ही. सुमित्राबाई, भुपेंद्रभाऊ, सासूबाई, प्रफुल आणि मी. काढा मी उकळला होता, सामान मी तपासलं होतं आणि लोटा कुणीतरी धुतला होता. सगळं फिरून माझ्याच अंगावर येत होतं. राहुटीत मामाजींचा श्वास आता घरघरत होता.

"काल अंधारात ओतताना मला काही दिसलं नाही हो," मी म्हटलं. कुणी मान हलवली नाही. सासूबाईंनी मामाजींच्या ओठाशी नेलेला चमचा मी धरायला गेले, तर त्यांनी तो माझ्या हातात दिला नाही.

५

राहुटीच्या दारात तुंबा मध्ये ठेवून सगळे बसले होते. इतक्यात सासूबाईंनी तुंब्याची दोरी बोटात धरली, जरा वेळ चोळली आणि कपाळाला आठी घातली.

"ही दोरी माही नोहे," त्या म्हणाल्या.

"तुमची कशी?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"पयली दोरी उंदरानं कुरतडली. यायले सांगतलं असतं तं नवीन अंबाडी आणून वळत बसले असते न घरभर कचरा केला असता. म्हणून मी नायलॉनची बांधली. दुकानातली, पोते बांधाची. प्रफुलनंच आणून देल्ली." मग त्या थांबल्या आणि आज पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "अन रेणूनं काजळी लावून काळी केली. यायले पत्ताच नाही लागला."

भीतीनं माझं डोकं इतकं बंद पडलं होतं, की हे मला स्वतःला आठवलं नव्हतं. ओट्याशी बसून आम्ही दोघी ती दोरी काळी करत होतो आणि चोरून हसत होतो.

"मंग हे काय हाये?" सुमित्राबाईंनी दोरी उचलली.

मी पाहिली. तीनपेडी, एकसारखी, घट्ट. अस्सल अंबाडीची.

भुपेंद्रभाऊ पुढे आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "नायलॉन? गडावर नायलॉन? शक्यच नाही. केशोरावांचा तुंबा होता तो. अंबाडीच होती त्याला, मी—"

"मी काय?" सुमित्राबाईंनी अगदी हळू विचारलं. "बोला नं. माणूस मरून रायला, अन तुमाले राग कायचा आला, तं नायलॉनचा."

सुमित्राबाई उठल्या, शेकोटीजवळ गेल्या आणि काडीनं राख उकरू लागल्या. मी त्यांच्या मागे गेले. राखेच्या तळाशी एका दगडाला काळा, काचेसारखा कडक थेंब चिकटला होता. वितळून थिजलेलं प्लास्टिक.

"खरा तुंबा इथं जळला," त्या म्हणाल्या. "दोरीसकट. लाकडं आणाले सर्वे गेले तवा बदलला न जळणाखाली सरकवला. जवळ ठेवला असता तं कोणाच्याही हाती लागला असता. आता हिशेब सोपा हाये. ज्यानं खोटा तुंबा बनवला त्यानं दोरी अंबाडीची लावली, म्हणजे खऱ्याले नायलॉन हाये हे त्याले माहीत नोहतं. अनुसयाबाईले माहीत होतं. प्रफुलले माहीत होतं. रेणूले माहीत होतं. मी तं ती मासोळीच काल पयल्यांदा पायली, घरून डागून कुठून आणू? मनिराम तं धुरावरूनच सुटला. रायलं कोण?"

मी तिथंच खाली बसले. माझं नाव त्यांनी सुटलेल्यांत घेतलं होतं.

"काल सगळ्यात जोरात तुमीच वरडले," सुमित्राबाई भुपेंद्रभाऊंना म्हणाल्या. "अन खरंच वरडले. आपणच जाळून रायलो, हे तुमाले ठाऊकच नोहतं."

६

भुपेंद्रभाऊ दगडावर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांत धरले. खोटा तुंबा त्यांनी मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, घालून वर आणला होता. गेल्या वर्षी वर चढण्याआधी खाली गावात काढलेल्या आमच्या फोटोंवरून मासोळी डागली होती, असं त्यांनीच सांगितलं.

"एक दिवस पोट बिघडेल, एवढंच," ते म्हणाले. "ते झोपून राहिले असते, पाहुण्यांशी मी बोललो असतो. गडावर जनरेटर लावणार होते हो. रक्त पडेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं."

"अन रेणूवर सर्वे आले तवा?" सुमित्राबाईंनी विचारलं. "तवा तं होतं ध्यानी."

मला भुपेंद्रभाऊंचा राग यायला हवा होता, पण मला अजून भीतीच वाटत होती. इतकी वर्षं माझ्या शिलाईचे टाके मोजणारा माणूस मला तुरुंगात जाताना उभा राहून पाहणार होता.

खालून माणसांचा आवाज आला. प्रफुल चार जणांना आणि एक खाट घेऊन वर आला. घामानं भिजलेला, पाय रक्ताळलेले. मामाजींना खाटेवर घेतलं. सासूबाईंनी त्याला रडत रडत सगळं सांगितलं. तो भुपेंद्रभाऊंच्या अंगावर धावून गेला, तर सुमित्राबाईंनी त्याला दंडाला धरून थांबवलं.

"एक रायलं," त्या म्हणाल्या. "लोटा भुपेंद्रनं नाही धुतला. त्याले कायले धुवाचा होता? काढ्यात काही नोहतंच, अन लोटा मळका रायला असता तं रेणूवर आळ घ्यायले त्याले सोपं. तू चुलीवरून गेला होता. काऊन धुतला?"

प्रफुलनं खाली पाहिलं. "त्यात काही सापडू नये म्हणून," तो म्हणाला. "हिच्यासाठी."

"पाय, रेणू," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "केवढा जीव हाये पोराचा तुह्यावर."

खाट उचलली गेली. सुमित्राबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. तुरुंगात त्यांनी बरंच काही पाहिलं असणार. मी खाटेची एक बाजू धरून उतरले आणि उतरणभर प्रफुलचा घामेजलेला पाठमोरा सदरा पाहत राहिले.

मामाजी वाचले. अर्जुनीला सलाईन लागलं, गोंदियाला रक्त द्यावं लागलं. घरी आल्यावर त्यांनी मंडळाचं नाव काढलं नाही. भुपेंद्रभाऊंना पोलीस घेऊन गेले. बायकोसाठी माझ्या पोरानं पुरावा धुतला, ही गोष्ट सासूबाई कुडव्यात येईल त्याला सांगतात आणि बायका माझ्याकडे कौतुकानं पाहतात.

मी प्रफुलला एकदाच विचारलं. "तुला वाटलं होतं ना, मी केलं?"

"घाबरलो होतो गं," तो म्हणाला. "तेवढ्यापुरतं."

आता सकाळी मी त्याच्यासमोर चहा ठेवला, की तो लगेच कप उचलतो आणि माझ्याकडे पाहत, वाफा निघत असतानाच अर्धा संपवतो. आधी त्याला चहा निवल्याशिवाय चालत नसे. त्याची जीभ भाजते, ते मला दिसतं, पण तो थांबत नाही आणि मीही काही बोलत नाही.